पैठणीचा शेवटचा मोर आणि सेकंदाचा पाचशेवा भाग

सकाळच्या एसटीने छत्रपती संभाजीनगर सोडलं. आदल्या दिवशी नाशिकहून येऊन मी उस्मानपुऱ्यात मुक्काम केला होता. वीस वर्षं लग्नांचं चित्रण करणाऱ्या बाईला एका हातमागाचं काय अवघड, अशा तोऱ्यातच मी कॅमकॉर्डर घेऊन पैठणला उतरले.

न्यायला वंदना आली होती. तिची आई, शकुंतलामावशी, चाळीस वर्षं पैठणी विणतात. आता उजवा हात कापू लागलाय, म्हणून मागावरचा पदर त्यांचा शेवटचा. त्यावरचा मोर मानेपर्यंत आला होता. मानेत दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात, ती जोडणी वंदनाला अजून साधत नव्हती, म्हणून तिने मला चित्रणासाठी बोलावलं होतं.

"हळू कर म्हटलं की आईचा हात अडतो," ती म्हणाली.

"व्हय," मावशी म्हणाल्या. "बोटं पळतात तवाच बरोबर पळतात."

मी नेहमीसारखा शटरचा वेग सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवला. ट्यूबलाइटखाली चित्र स्थिर राहतं, हालचाल मऊ दिसते. दुपारी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) जेवून मी चित्रण दाखवलं. मावशी खूश झाल्या. वंदनाने मात्र ते मध्येच थांबवलं.

"ताई, आईची बोटं कुठंयत?"

बोटांच्या जागी नुसता फिकट पट्टा होता. अर्धी मान विणून झाली होती; एवढं उसवलं तर रेशीम खराब झालं असतं, म्हणून ती परत विणता येणार नव्हती.

शटर पाचशेव्या भागावर नेलं, तेव्हा बोटं कोरल्यासारखी स्पष्ट आली, पण चित्रावर काळे पट्टे सरकू लागले. ट्यूबलाइटची आपल्याला न दिसणारी फडफड वेगवान शटर पकडतं. ट्यूब बंद केली तर सगळा अंधार.

"ऊन लागेल मावशी. माग दाराशी नेता येईल?"

"माग जमिनीत पुरलाय, तो नाय हलायचा. पत्रा हलंल की."

मी त्यांच्याकडेच राहिले. सकाळी शेजारच्या दोघांनी छपराचा एक पत्रा उतरवला. अकराच्या सुमारास ऊन मागावर आलं आणि तासभर टिकलं. तेवढ्या वेळात मावशींनी उरलेली मान विणली. मी जागची हलले नाही.

वंदनाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवलं. "आई, तू करंगळीनं खालचा धागा दाबून धरतीस. कधी बोलली नाय."

मावशी वाकून बघत राहिल्या. "मी करते हे? मला तर ठाऊकच नाय."

वंदना मागावर बसली; मोराच्या डोक्यालाही तीच जोडणी लागते. दोन ओळी चुकल्या, उसवल्या. तिसऱ्या ओळीवर मावशींनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बसला धागा."

परतीच्या बसमध्ये मी दोन्ही दिवसांचं चित्रण पाहिलं. पहिलं सुरेख वाहतं. दुसऱ्यात बोटं उड्या मारतात, सगळं खडखडतं. लग्नघरी मी आजही पन्नासावाच भाग ठेवते, कारण तिथे लोकांना तो दिवस पुन्हा चालताना बघायचा असतो. वंदनाला आईचा हात थांबवून बघायचा होता, आणि हे मी तिला आधी विचारायला हवं होतं.

तिने त्या खडखडत्या चित्रणाच्या दोन प्रती मागितल्या आहेत. दुसरी मावशींसाठी. त्यांना आपली करंगळी पुन्हा बघायची आहे.