सीताफळांची पाटी

पिकल्या सीताफळांचा वास आला की अजून थकल्यासारखं होतं. पाली गावचे एक काका अशीच पाटी घेऊन माझ्या ऑफिसात आले होते. त्यांच्या लेकीची सोयरीक जमत होती आणि त्या नवऱ्या मुलाचं आयकर रिटर्न मी भरायचो. “साहेब, पोरगी द्यायचीय. पोराची कमाई खरी हाय का, तेवढं सांगा.” मी म्हणालो, “काका, चांगलं असो की वाईट, आमी कुणाचंच सांगत न्हाई.” पाटी तिथंच सोडून ते उठले. “समजलं. चांगलं असतं तर सांगितलंच असतं तुमी.” सोयरीक मोडली. तो मुलगा अजून दरवर्षी येतो. यंदा म्हणाला, “साहेब, ते स्थळ काहून मोडलं, कळलंच न्हाई बघा.” काका येऊन गेले, हेही मला सांगता येत नव्हतं. मी त्याच्याकडं बँकेचं स्टेटमेंट मागितलं.