ओट्यापाशी थांबणारा टांगा

साठ सालाच्या आसपास पोलिओने माझा उजवा पाय लुळा पडला, तेव्हाची गोष्ट. अकोल्याच्या जुन्या शहरातला एक टांगेवाला रोज दुपारी टांग्याचा घोडा सोडून आमच्या ओट्याला आणून लावायचा. मला त्याने कधी उचलून घोड्यावर बसवलं नाही.

"मी घोड्याले धरून राहिलो ना. तुले धरलं तं तू चढशीन कवा?" असं म्हणून बिडी ओढत थांबायचा. घोड्यावरून मोर्णा नदीपर्यंत जाऊन येईस्तोवर माझी वाकलेली कंबर सरळ झालेली असायची.

पुढे तो दिसेनासा झाला. टांगा दुसराच कुणी हाकू लागला. एके दुपारी तोच घोडा आमच्या ओट्याला अंग लावून उभा राहिला, हलेचना.

"काहून थांबला बे?" नवा टांगेवाला चाबूक उगारून ओरडला.

मी ओट्याच्या कडेला सरकले. मला चढायला वेळ लागतो, हे घोड्याला ठाऊक होतं.