फळीवरची निवटी

बोरिवलीच्या मासळीबाजारात एक कोळीण खाडीच्या चिखलातले जिवंत निवटी मासेही विकायची. गिऱ्हाइकाकडे न बघताच भाव सांगायची. एकदा आमच्या शाळेचे ट्रस्टी तिच्याकडे पापलेट निवडता निवडता मला म्हणाले, “माशापासून माणूस झाला म्हणे! सर, यंदाही तो धडा गाळा.”

मी भडकलो. “तुम्ही उत्क्रांतिविरोधी आहात!”

“म्हंजे काय रे?” तिने विचारलं.

“उत् म्हणजे वर, क्रांती म्हणजे पाऊल टाकणं. जीव पावलापावलाने बदलत गेले, हे न मानणारे.”

तिने एक निवटी ओल्या फळीवर सोडली. परांवर जोर देत ती चक्क चालू लागली.

“मग हिला सांगा, चालू नको म्हणून!” कोळीण कडाडली. “ठेवा ते पापलेट. माझी नात तुमच्याच शाळेत आहे.”

ट्रस्टी निघून गेले. माझा राग मात्र माझ्यावरच उलटला. दोन वर्षं तो धडा मीच मुकाट गाळला होता.