ओफेलियाची गाडी उन्हात

शेजारची ओफेलिया ब्राकामोंते रविवारी चर्चला गेली असताना मी तिच्या गाडीच्या एसीत गॅस भरला. म्हणजे दुकानातून डबा आणला, नळी लावली आणि डबा रिकामा होईपर्यंत धरून राहिलो. दुसराही आणलेला होता, तो वाया कशाला घालवा? तो अर्धा होतो न होतो तोच बॉनेटखाली फट् असा आवाज झाला आणि पांढरा ढग उठला. ओसरीवर बसलेल्या रोसेंदोने टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली.

"मास्तर," तो म्हणाला, "गाडी आहे की गेली?"

गाडी होती. गॅस गेला होता, सगळाच्या सगळा.

रोसेंदो हा ओफेलियाचा थोरला भाऊ, वय चौऱ्याहत्तर. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी त्याचं डायलिसिस. दुपारी एकला तो सुटला की ओफेलिया त्याला घरी आणते. टूसॉनच्या वाळवंटातला जून आणि पाऊण तासाचा रस्ता. त्यात डॉक्टरांनी त्याला पाणी बांधून दिलेलं, दिवसाला चार पेले. आणि एसी नेमका अर्ध्या वाटेवर बंद पडायचा. फिनिक्सहून त्याच्या मुलीने, मारिबेलने, फोनवर बजावलं होतं, "आत्या, या गुरुवारी मी येतेय. गाडी गरम निघाली तर पपांना इकडे घेऊन येणार." इकडे म्हणजे पाचव्या मजल्यावर. तिथे ना त्याची लिंबाची झाडं, ना डॉमिनो खेळताना लबाडी करायला बहीण.

नवी गाडी घ्या, असं सगळे सांगत. पण नव्या गाड्या उंच, आणि रोसेंदोचे गुडघे त्याचं ऐकत नाहीत. अठ्ठ्याऐंशी सालच्या या बदामी गाडीची पुढची सीट मात्र बाकासारखी सलग आणि बुटकी. तो तिच्यात नुसता घसरतो.

ओफेलिया चर्चहून आली. रिकामा डबा पाहिला, मग अर्धा पाहिला, मग मला पाहिलं.

"विचारायचं तरी होतंस मला."

"दोन्या," इथे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात, "मी म्हटलं, तुम्हाला जरा मदत..."

"देवाजवळ तासभर बसायची चोरी झाली."

तिने सत्तावीस वर्षं सिटी बसच्या डेपोत बसगाड्यांचे एसी दुरुस्त केले. निवृत्तीला डेपोवाले घड्याळ देणार होते, तर हिने त्यांच्याकडून जुना व्हॅक्यूम पंप मागून घेतला. अंगावर तिचा रविवारचा चांगला झगा होता. तो बदलून तिने उडालेल्या झडपेजागी नवी बसवली, पंप लावून नळ्यांतली हवा ओढून काढली आणि सोमवारी सकाळी काट्यावर तोलून नेमका गॅस भरला. मग किल्ली माझ्या हातात दिली.

"माझ्या भाच्याच्या गॅरेजात दोनदा तपासली, तिथे एसी बंद पडतच नाही. तू जा. चालू ठेव. बंद पडेपर्यंत परत येऊ नकोस."

मी दोन तास बसलो. एसी असा गार की मी मुलांचे पेपर मांडीवर पसरून पांघरुणासारखे वापरले. परत येऊन म्हटलं, "दोन्या, गाडी ठणठणीत आहे."

मंगळवारी गाडी ठणठणीत चालली, पण अर्ध्या वाटेत एसी बंद पडला. रोसेंदो उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. चौथा पेला त्याने दुपारी तीनलाच संपवला.

ओफेलिया माझ्या दारात उभी राहिली. "काल कुठे लावली होतीस?"

"बाजाराच्या मागे. मेस्कीटच्या झाडाखाली."

"का?"

"का म्हणजे? सावली होती!"

 ती हसली, कपाळावर हात मारून. इथला माणूस सावलीसाठी दुकानापासून पाव मैल लांब गाडी लावील. भाच्याचं गॅरेजही छपराखाली. उन्हात पडणारा आजार आम्ही सगळे सावलीत शोधत होतो.

बुधवारी दुपारी बाराला तिने गाडी चर्चमागच्या उघड्या डांबरावर नेली. पारा एकशे बारा फॅरनहाइटवर, म्हणजे चव्वेचाळीस सेल्सियसच्या वर. इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट लावलेलं. मी शेजारी. अर्धा तास झाला, पाऊण झाला. गार वारा येतच होता.

"दोन्या, घरी जाऊ या का?"

"तू जा."

मी गेलो नाही. दाराची कडी तापली होती. तास उलटल्यावर टक् झालं आणि वारा कोमट झाला. ओफेलिया उडी मारून उतरली. बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरची पुढची तबकडी थांबली होती. तिने झाडूच्या लाकडी दांड्याने ती हलकेच दाबली. खट्! तबकडी चिकटून फिरू लागली आणि आत पुन्हा गारवा.

"गॅसचं काही नव्हतंच," ती म्हणाली. "झिजून फट वाढलीय. तापलं की चुंबकाचा जोर कमी पडतो, मग त्याला ती तबकडी ओढवत नाही."

गाडी निवल्यावर तिने तबकडी काढली, फट कमी व्हावी म्हणून मागची नखाएवढी पातळ चकती काढून टाकली आणि पुन्हा बसवली. मग परत उन्हात, दोन तास. एसी बंद पडला नाही.

गुरुवारी मारिबेल मागच्या सीटवर बसली, पुढे वाकून हात सबंध वेळ एसीच्या जाळीपाशी धरून. गाडी घराजवळ आली तेव्हा रोसेंदो घोरत होता. फिनिक्सचा विषय निघाला नाही. निघाला तो लिंबांचा. जाताना तिने पिशवीभर नेली.

ती गेल्यावर मी ओफेलियाला विचारलं, "दोन्या, काल तिथे तो बंद पडेलच, अशी तुम्हाला खात्री कशी होती?"

"पडेपर्यंत मी उठणारच नव्हते."