काकांनी काढलेले सतरा गिअर

तळमजल्यावरच्या काकांच्या हातात देवाने ही सृष्टी एका रविवारपुरती दिली असती, तर सोमवारी सकाळी माणसाला एकच कान उरला असता, मांजराला शेपूट नसती, वर्षाला दोनच ऋतू असते, आणि हे सगळं पूर्वीपेक्षा कसं बरं चाललंय ते काकांनी भेटेल त्याला थांबवून पटवून दिलं असतं. वस्तूत जितके भाग कमी, तितकी ती सुखी, असं त्यांचं म्हणणं होतं. "जो भाग नाहीच, तो बिघडणार कसा गो?" हा त्यांचा आवडता प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसायचं. तसं माझ्याकडे कुठल्याच प्रश्नाला उत्तर नसायचं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत तोंड उघडलं की आत्या आणि मावश्या एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि इंग्रजीत उघडलं की रागवायच्या. म्हणून मान हलवून काम भागवायची सवय मला लागली होती. काकांना असा श्रोता अख्ख्या नेरूळमध्ये दुसरा मिळाला नसता.

काका मूळचे राजापूरकडचे. मुंबईत एका विमा कचेरीत कारकुनी करायचे आणि आमच्या सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट त्यांनी मुद्दाम मागून घेतला होता, कारण तळमजल्याला जिना लागत नाही. घरातल्या मिक्सरला तीन वेगांचं बटण होतं. काकू मधल्या वेगापुढे कधी जात नाहीत हे लक्षात आल्यावर काकांनी ते बटणच काढलं आणि आतल्या वायरी कायमच्या जोडून टाकल्या. त्यानंतर तो मिक्सर प्लग लावला की सुरू व्हायचा आणि काढला की थांबायचा, आणि झाकणाआधी प्लग लावला तर चटणी छताला जायची. रेडिओची स्टेशन बदलायची चकती त्यांनी काढून ठेवली होती, कारण "लागतं ते एकच लागतं." छत्रीचा खटका काढला, तेव्हा ती उघडी होती. मग ती उघडीच राहिली आणि दारातून आत येईना, म्हणून गॅलरीत टांगलेली असायची. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी खजिनदार हे पद जास्तीचं आहे असा मुद्दा मांडला, तोही खजिनदारांच्या शेजारी बसून. काकू म्हणायच्या, "एक दिवस मलाच काढतील. दोन माणसांचं काम एकात होतंय म्हणतील." त्यावर काका गंभीरपणे म्हणायचे, "तू चालू स्थितीत आहेस. चालू भागाला मी हात लावत नाही."

या सगळ्या काटछाटीतून एकच गोष्ट सुटली होती, ती म्हणजे त्यांचं बोलणं. त्यातून त्यांनी कधी काही काढलं नाही. "पाणी आलं का?" एवढं विचारावं, तर ते राजापूरच्या विहिरीपासून सुरुवात करत. मग विहीर खणणारे आजोबा, आजोबांशी भांडलेले शेजारी, त्या शेजाऱ्यांचा पुढे तलाठी झालेला मुलगा, असं करत करत नेरूळच्या टाकीपाशी येईपर्यंत पाणी येऊन गेलेलं असायचं. मी बादली घेऊन उभी असायचे. मान हलवायचे.

आमच्या जिन्याखाली माझ्या भावाची गिअरची सायकल पडून होती. दहावीनंतर त्याने ती हट्टाने घेतली होती. जाड टायरची, डोंगरावर चालवायची सायकल, अठरा गिअरची. डोंगरावर ती कधी गेली नाही, क्लासला आणि वडापाव खायला मात्र गेली. भाऊ इंजिनिअरिंगला औरंगाबादच्या हॉस्टेलवर गेला आणि खाडीच्या खाऱ्या हवेने त्या अठरा गिअरांचं एकजीव गंजकं लोखंड करून टाकलं. पेडल मारलं की चेन मनाला येईल त्या चक्रावर उडी मारायची, नाहीतर सरळ खाली पडायची.

ती सायकल मला एकाएकी हवीशी झाली, कारण मला बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पहिली नोकरी लागली. बाबांनी लगेच जाहीर केलं की ते मला रोज स्कूटरवरून सोडतील आणि संध्याकाळी घ्यायला येतील. बाबा नुसते दारात सोडून जाणाऱ्यांतले नव्हते. ते आत आले असते, साहेबांना नमस्कार केला असता, "मुलगी जरा अबोल आहे, सांभाळून घ्या" असं सगळ्यांदेखत सांगितलं असतं आणि मला पंख्याखालची जागाही मागितली असती. कॉलेजच्या पहिल्या दिवशी त्यांनी हेच केलं होतं, आणि पुढची सगळी वर्षं मी तिथे "पंखावाली" म्हणून ओळखली गेले. निदान नोकरीच्या दारातून तरी मला एकटीने आत जायचं होतं. मी हळूच म्हटलं, "मी सायकलने जाते." बाबा म्हणाले, "ही? अर्ध्या वाटेत चेन पडली आणि तू त्या सुनसान रस्त्यावर एकटी उभी राहिलीस तर? ती नीट चालतेय असं माझ्या डोळ्यांना दिसू दे, मग बघू."

नवे गिअर बसवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मी जिन्याखाली उकिडवी बसून चेन लावत होते, तेव्हा काका तिथून जात होते. ते थबकले, चष्मा पुसला, आणि एखाद्याला वाढदिवसाला हवी ती वस्तू मिळावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"किती गिअर गो, बाय?"

"अठरा."

"अठरा! अगो, आपल्या सेक्टरात रस्ते तरी अठरा आहेत का?" त्यांनी बाह्या वर केल्या. "एक ठेवू."

पुढचे काही दिवस मी काकांच्या हाताखाली होते. हँडलवरचे खटके निघाले, त्यांच्या तारा निघाल्या आणि त्याच संध्याकाळी काकूंच्या गॅलरीत त्या तारांवर टॉवेल वाळू लागले. मागच्या चाकातला चक्रांचा गड्डा मात्र काही केल्या सुटेना. काकांनी त्याला तेल पाजलं, हातोडीने समजावलं, शेवटी राजापूरच्या शिव्याही दिल्या. मग आम्ही चाक उचलून नेरूळ गावातल्या सायकलवाल्याकडे नेलं. त्याने एकदा चाकाकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं.

"लोकं गिअर लावाला येतान, न तुमी काराला आलाव?"

"जो भाग नाहीच..." काकांनी सुरुवात केली. सायकलवाल्याने तो गड्डा टेबलाला ठोकलेल्या लोखंडी शेगड्यात आवळला, आम्हा दोघांना चाकाला धरून मोटारीच्या स्टिअरिंगसारखं फिरवायला लावलं, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन तो सुटला. त्याच्या जागी दूधवाल्यांच्या सायकलला असतं तसलं साधं, एकाच चक्राचं जुनं फ्रीव्हील त्याने बसवून दिलं. काका त्याला आजोबांची विहीर सांगत होते, तेवढ्यात तो जेवायला निघून गेला.

आता पुढचं आणि मागचं चक्र एका रेषेत यायला हवं होतं, नाहीतर चेन तिरकी धावून पुन्हा पडली असती. काकांनी काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, एक टोक मला धरायला दिलं आणि एक डोळा मिटून खूप वेळ पाहिलं. मागचं चक्र थोडं आत होतं. ते बाहेर सरकवायला वॉशर हवे होते, आणि वॉशर विकत आणणं म्हणजे काकांच्या मते शरणागती. त्यांनी तुपाच्या डब्याच्या झाकणातून ते कापले. तो डबा रिकामा नव्हता, आणि झाकण गेल्याचं काकूंना दुसऱ्या दिवशी मुंग्यांकडून कळलं. "तुपातली सायकल!" काकू मला म्हणाल्या. "आमच्या आमटीला फोडणी नाही, पण हिच्या चाकाला साजूक तूप." पकड, पाना, कानस, सुंभ हे शब्द मी त्या दिवसांत शिकले, आणि ते मी चुकीचे उच्चारले तरी काका हसत नसत. ते ऐकतच नसत, हेही कारण असेल.

शेवटचा प्रश्न पुढच्या चक्रांचा होता. तिथे तीन होती, लहान, मधलं आणि मोठं. त्यांतलं एकच ठेवायचं होतं. काकांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. हाताने चेन मोठ्या चक्रावर चढवली आणि म्हणाले, "चल, मी बाजूने येतो. चालवताना काय वाटतं ते सांग." मी निघाले. सायकल छान वेगात आली आणि काका धावू लागले. ते धावता धावता मधल्या भावाची गोष्ट सांगत होते, त्यातलं मला "गावी... भावाने... आंब्याचं..." एवढंच ऐकू आलं. ते धापा टाकत थांबले. "हे चक्र फार पळतं. नको." मधल्या चक्रावर ते कोपऱ्यापर्यंत टिकले. मग त्यांनी चेन सगळ्यात लहान चक्रावर घातली. मी पेडल मारू लागले आणि काका हात मागे बांधून, आरामात, माझ्या शेजारून चालू लागले. आंब्याच्या बागेची वाटणी, मधल्या भावाचा रुसवा, वकिलाने खाल्लेले आंबे, सगळं नीट ऐकू आलं.

"हं! हा खरा वेग. कसं वाटतंय?"

मला सांगायचं होतं की पाय फार फिरताहेत आणि सायकल फार कमी जातेय. मी मान हलवली. काकांनी बाकीची दोन चक्रं काढून टाकली आणि चेन त्या लहान चक्राच्या मापाची कापून टाकली.

नोकरी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी बेलापूरच्या रस्त्याला लागले आणि बाबा स्कूटरवरून मागे. माझे पाय शिलाई मशीनच्या सुईसारखे चालले होते आणि सायकल जेमतेम पुढे सरकत होती. एक भाजीची हातगाडी मला ओलांडून गेली. सीवूड्सपाशी फिरायला निघालेले एक आजोबा शेजारी आले, त्यांनी माझं नाव, वडिलांची कंपनी आणि मूळ गाव विचारून घेतलं आणि "सावकाश ये हो" म्हणत पुढे गेले. एकटीने जाता यावं म्हणून मी सायकल निवडली होती, आणि या सायकलवर रस्त्यातला कोणीही माझ्याशी बोलू शकत होता. बाबांची स्कूटर एवढ्या हळू चालवल्याने दोनदा बंद पडली. शेवटी ते शेजारी येऊन म्हणाले, "चेन पडली नाही, हे खरं. पण तुझे पाय बघवत नाहीत. उद्या मी सोडतो."

त्या संध्याकाळी मी तळमजल्यावर गेले. काका जेवत होते. मला पाहताच म्हणाले, "ये ये, काय, पळते ना घोडी?" आणि लगेच राजापूरच्या टांग्याची गोष्ट सुरू झाली. मी दाराशी उभी राहून एक वाक्य मनात जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत. टांगा नदी ओलांडून गेला. घोडा म्हातारा झाला. घोडा मेला. काकांनी घास घेतला, तेवढ्यात मी म्हटलं,

"काका, तुम्ही शेजारून चालता तेव्हाचा गिअर आहे हा. मला एकटीला जायचंय."

काकांचा हात ताटात थांबला. काकू पोळी लाटता लाटता वळल्या. "अगो बाई," त्या म्हणाल्या, "हे गप्प बसले!"

मला वाटलं, चूक केली, जिन्याने वर पळून जावं. मग काका हळू म्हणाले, "मोठं चक्र हवं तुला." आणि इकडेतिकडे बघू लागले. काढलेला प्रत्येक भाग ते बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवत, पण एकदा काढलेला भाग परत लावण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी सगळे डबे उलटे केले. चेनच्या कापलेल्या कड्या मिळाल्या, चक्र मिळेना.

"अहो, शोधताय काय? समोर आहे," काकू म्हणाल्या.

मोठं चक्र आमटीच्या पातेल्याखाली होतं. गरम पातेलं ठेवायला त्यापेक्षा चांगली वस्तू घरात नाही, असं काकांनीच ठरवलं होतं. त्यांनी पातेलं उचललं, दात्यांतली आमटी धोतराला पुसली आणि "वाढून ठेव" एवढंच म्हणून जिन्याखाली आले. मी टॉर्च धरला. लहान चक्र उतरलं, मोठं चढलं, काढलेल्या कड्या चेनला पुन्हा जोडल्या गेल्या. इतका वेळ काका एक शब्द बोलले नाहीत. बाबा जिन्यावरून वाकून विचारून गेले, "काय, तब्येत बरी आहे ना तुमची?"

सकाळी काका फाटकापाशी उभे होते. बाबाही स्कूटरची चावी हातात खेळवत उभे होते. मी बसले, पेडल मारलं, आणि सायकल निघाली ती एखादं वाक्य न अडखळता तोंडातून बाहेर पडावं तशी. काका शेजारून धावू लागले, आणि त्यांना पुन्हा बोलणं फुटलं. "तर काय गो, त्या घोड्याच्या जागी मग आजोबांनी..." कोपऱ्यापर्यंत काका आणि त्यांचे आजोबा शेजारी होते, वळणावर मागे पडले, आणि मग नुसता वारा ऐकू येऊ लागला. स्कूटरचा आवाज आला नाही. ऑफिसच्या दारातून मी एकटी आत गेले. पंखा कुठे आहे तेही पाहिलं नाही.

संध्याकाळी परतताना काका आमच्या कोपऱ्यावर हात मागे बांधून फेऱ्या मारताना दिसले. मला थांबवायला त्यांनी हात केला नाही, उलट वाट सोडून कडेला झाले. मीच ब्रेक दाबला, उतरले, आणि सायकल हाताने ढकलत त्यांच्या शेजारी चालू लागले. "मग घोड्याच्या जागी काय आणलं?" मी विचारलं. कोणाला आपणहून काही विचारायची मला सवय नव्हती, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला. काका म्हणाले, "थांब, पहिल्यापासून सांगतो."

ते निवृत्त होऊन राजापूरला जाईपर्यंत त्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता मी रोज चालतच आले. नंतर चालायचं काही कारण उरलं नाही. मी थेट जिन्यापर्यंत सायकलवरच येऊ लागले, आणि आई घड्याळाकडे बघून म्हणायची, "आज लवकर सुटलीस वाटतं?" मी मान हलवायचे.