पाटा आणला, वरवंटा राहिला

यंदाचं धान मळून घरात आलं आणि यादोरावाचा फोन आला. “मोकळा झालो बाप्पा. आता कोठं नेतस तं ने.”

यादोराव दवनीवाड्याचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. शेतीतला पक्का आणि तोंडाचा फाटका. मी गोरेगावचा. आठवडी बाजारात गोणपाटावर मिरचीपूड मांडून सुरुवात केली, आता मसाल्याच्या दोन चक्क्या आहेत. गिऱ्हाईक तोंडाने एक बोलतं आणि मनात दुसरंच असतं, ते दुसरं ऐकता आलं म्हणून माझा धंदा चालला, असं मी लोकांना सांगत असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या सहलीत त्याच कानांनी मला फसवलं.

जायचं ठिकाण ठरलेलं होतं. लग्नानंतर चार वर्षं बाबूजी सातपुड्यातल्या एका कोळसाखाणीत कामाला होते. मायचा पहिला संसार तिथे, डोंगरावरच्या क्वार्टरात. मी पोटात असताना खाण बंद पडली आणि दोघं परतले. बाबूजी आता नाहीत. माय शहात्तरची आहे, पण त्या डोंगराचा विषय निघाला की अजूनही तिच्या हातातलं काम थांबतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती पाट्यावर चटणी वाटत होती. हा पाटा त्या क्वार्टरातला, बाबूजींनी खांद्यावरून डोंगर उतरवलेला. वरवंटा मात्र दुसरा, आखूड. वाटताना मायची बोटं पाट्याला घासतात.

“शेवटच्या लाइनीत तिसरं क्वार्टर,” ती म्हणाली. “मागं मोहाचं झाड हाय. त्याच्या बुडाशी वरवंटा ठेवला होता. हाय का नाही, तेवढं पाहून येजो.”

“तवा काऊन नाही आणला?”

“जड होता.”

मी मनात नोंद केली: मायला तो परत हवा आहे, फक्त मागवत नाही.

सकाळी सहाला गाडी काढली. गोंदियावरून बालाघाट, तिथे पोहा-जलेबी. पोटभर खाऊन घ्या, कारण पुढे लालबर्रा, बरघाट असं सिवनीपर्यंत धड जेवण मिळेलच असं नाही. रस्ता चांगला आहे, मधे सागाचं जंगल लागतं. बाकी ठिकाणी गतिरोधक इतके, की यादोराव म्हणाला, “रस्ता बनवून राहिले होते का धानाचे बांध?” सिवनीहून छिंदवाडा, आणि संध्याकाळी परासियाला मुक्काम. लॉज साधं, पण पाणी गरम. ढाब्यावर दोघांचं जेवण तीनशेत झालं.

खाणीचं नाव मी मुद्दाम देत नाही. का, ते पुढे कळेलच.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याच्या गावात सुकलूदादा भेटले. सत्तरीचे गोंड गृहस्थ, अंगणात दोर वळत बसलेले. ऊठसूट कोणी वर जात नाही, म्हणून आधी चौकशी झाली. मी गोंदियाकडचा म्हटल्यावर त्यांनी दोर खाली ठेवला आणि वाट समजावली. गुडघ्यांमुळे स्वतः आले नाहीत. “ट्रॉलीलाइन पकड़ के सीधे जाना. खदान के मुँह में झाँकना मत, अंदर हवा खराब है,” एवढं बजावलं. हे तुम्हीही पाळा.

कोळशाचे डबे दोरावर खाली सोडायचे, ती ही ट्रॉलीलाइन. रूळ कधीच विकले गेलेत, उरली आहे नुसती सरळ कापलेली घसरण. पायाखाली काळी खडी, एक पाऊल वर टाकावं तर अर्धं मागे येतं. काठी आणि पाणी हवंच. सव्वा तास लागला. माय यावरून सरपण डोक्यावर घेऊन चढायची, हे लहानपणापासून ऐकत होतो, आणि तरी त्यातलं काहीच मला कळलेलं नव्हतं.

“तुझी माय काय माणूस होय का काय बे?” यादोराव कमरेवर हात ठेवून म्हणाला. “मले तं माझाच जीव जड होऊन राहिला.”

वर आधी इंजिनघर लागतं. छप्पर नाही, भिंतीतून पिंपळ निघालाय. पलीकडे खाणीचं तोंड, दगडांनी अर्धवट बुजवलेलं. मग क्वार्टरांच्या तीन लाइनी, कमरेएवढ्या भिंती उरलेल्या. शेवटच्या लाइनीतल्या तिसऱ्यात मी उभा राहिलो. चार पावलांत खोली संपली. कोपऱ्यात चुलीची काळी खूण होती. इथे माय वीस वर्षांची होती. त्या माणसाला मी कधी भेटलोच नाही, आणि आता भेटताही येणार नाही, असं वाटून मी उगाच चुलीजवळ बसून राहिलो.

मागे मोह होता. यादोरावाने आणि मी दोन्हीकडून कवेत घेतला, तेव्हा कुठे बोटाला बोट लागलं. बुडाशी मुळांच्या मधे वरवंटा होता, अर्धा मातीत रुतलेला. काठीने उकरून काढला. पुसून पिशवीत टाकला. मला इतका आनंद झाला की उतरताना मी चक्क गात होतो.

खाली सुकलूदादांनी चहा ठेवला होता. पिशवी टेकवताना दगडाचा आवाज झाला.

“क्या लाए?”

मी दाखवला. त्यांनी हात लावला नाही. “तीसरा क्वार्टर? महुआ के नीचे से?”

“हो. हमारे माँ का है.”

“मालूम है. मेरी माँ दाई थी वहाँ की. तुमसे पहले एक लड़का हुआ था उनको. डेढ़ महीने का होके गया. वहीं महुआ के नीचे रखा है. तुम्हारे तरफ रिवाज है ना, झूले में पहले ये सोता है? तो तुम्हारी अम्मा बोली, जिसके साथ सोया, वो साथ रहेगा. अकेला नहीं छोड़ूँगी.”

चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

बारशाला पाळण्यात बाळाआधी झबलं-टोपरं घालून वरवंटा निजवतात, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी मीच उचलून दिला होता. आणि बाबूजींनी एवढा जड पाटा खांद्यावर आणला, मग हातात मावणारा वरवंटा “जड” कसा? आयुष्य तराजूपाशी गेलं, आणि हे वजन मी एकदाही करून पाहिलं नाही.

यादोरावाने पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. “चाल,” तो म्हणाला. टोमणा नाही, काही नाही.

दुसऱ्यांदा दोन तास लागले. मुळांमधली जागा हाताने साफ केली, होता तसाच रुतवला, माती दाबली. उन्हं डोक्यावर होती, पण तिथे पोचत नव्हती. डब्यात मायने दिलेल्या कुसल्या उरल्या होत्या, खोबऱ्याचं सारण भरलेल्या. एक ठेवली. भावाला काय म्हणून हाक मारायची, ते मला माहीत नव्हतं. बारसं झालं होतं, म्हणजे नाव होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. यादोराव मायला “राम राम काकी” करून दारातूनच पळाला. माय पाट्यापाशी होती, त्याच आखूड दगडाने मिरच्या रगडत. मिक्सर घेऊन देतो, असं मी तिला दर दिवाळीला म्हणतो.

“दिसला का?” तिने मान वर न करता विचारलं.

“दिसला. तेथंच हाय.”

तिने माझ्या नखांकडे पाहिलं. त्यांत अजून काळी माती होती. हात थांबला.

“ऊन तं नाही लागत नं पोराले?”

“नाही, माय. सावली हाय. मोह खूप मोठा झाला.”

“किती मोठा?”

मी दोन्ही हात पसरले. पुरले नाहीत.