गॅसवर रंगलेले गॉगल

गॉगलच्या दुकानात किस्से आपोआप साठतात. गिऱ्हाइकानं गॉगल चढवला आणि आरशासमोर उभं राहिलं, की दुकानदार शेजारी आहे हे ते विसरतं आणि आरशाशीच मनातलं बोलायला लागतं! ओरखडा पडलेली काच मी फेकत नाही, पत्र्याच्या डब्यात टाकतो. किस्स्यांचंही तसंच केलंय.

चौसाळ्यात हायवेला लागून आमचं दुकान, मागं घर. घरातलं स्वयंपाकघर हा आमचा कारखाना आणि आमची सौभाग्यवती सुशीला त्याची मालकीण. मी नुसता विकतो. हे काम आम्हाला कोणी शिकवलं नाही. मी चुकत चुकत शिकलो, आणि ती माझ्या गिऱ्हाइकांवर शिकली!

*

सुरुवात पोळ्याला झाली. शोकेसमध्ये ऊन खाऊन पांढरट पडलेल्या काही फ्रेमा होत्या, कोणी हात लावत नव्हतं. बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग सुशीलानं त्यांच्यावर फिरवला. अशा चमकल्या की मीच बघत राहिलो!

पहिली फ्रेम शेजारच्या गावच्या सरपंचांनी नेली आणि भर उन्हातल्या सभेत घालून बसले. घाम आला, रंग सुटला. दुसऱ्या दिवशी कान चोळतच दुकानात हजर.

"शेठ, सगळी सभा इचारायली, कान कुनी पिळला म्हनून!"

आतून सुशीलानं विचारलं, "मग तुमी काय सांगितलं?"

"काय सांगनार? इरोधकांचं नाव घेतलं!"

तेव्हापासून आधी बारीक पॉलिश पेपरनं फ्रेम घासायची, मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात आणि शेवटी वरून पारदर्शक वार्निश, असं तिनं ठरवून टाकलं. अशा फ्रेमेवर आता अख्खी निवडणूक घाम गाळू दे, रंग हलत नाही.

*

बिरूभाऊ माझा जुना दोस्त, मेंढपाळ. चौसाळ्याच्या आसपास मेंढरं आली की त्याची चक्कर ठरलेली. एकदा लेकीला घेऊन आला. मंगी. बापाच्या घोंगडीचं टोक धरून, मान खाली, डोळे मिटलेले. तिला जन्मापासून उजेड सोसत नाही. दिवसा डोळे उघडले की पाण्याच्या धारा. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर चांगली आहे, फक्त ऊन अडवा.

मी दुकानातला सगळ्यात भारी काळा गॉगल तिला चढवला.

"कसं वाटतंय बाळा?"

"रात झाली," मंगी म्हणाली.

घातला की वाट दिसेना, काढला की ऊन टोचायचं. बिरूभाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "शेठ, दिवसभर पालात झाकून ठिवतो तिला. आमी मेंढरामागं गेलो की दिस मावळंस्तोर एकटीच आत. असं किती वर्सं ठिवू?"

सुशीला पदराला हात पुसत बाहेर आली.

"तयार काच जमत नसंल तर मी रंगविते की."

"अगं, तुला काच रंगवता येते का?"

"आवो, शिंगांचा रंग तरी कुठं येत व्हता?"

*

प्लास्टिकची काच गरम रंगात बुडवली की रंग पिते. मी शहरातून त्याचा रंग मागवला आणि घरातलं एक पातेलं स्वयंपाकातून कायमचं बाद झालं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात हे छोटं पातेलं, त्यात रंग. तारेच्या चिमट्यात काच धरायची, आत सोडायची आणि हळूहळू वर ओढायची. म्हणजे वर गडद, खाली फिकी होत जाते. फक्त शेवटी बाहेर निघणारी कड जास्त रंग पिते, म्हणून बुडवताना काच उलटी धरावी लागते.

सुशीलानं पहिली जोडी सुलटी धरली!

ती नेली एका नवरदेवानं, लग्नाचं बोलावणंही दिलं. अंतरपाट बाजूला झाला आणि त्यानं मला मंडपातूनच हाक मारली. "शेठ, आभाळ एक नंबर दिसायलंय, नवरीच दिसंना!"

मी घाबरून पुढं झालो. त्याच्या आईनं मला हातानंच अडवलं. "ऱ्हाऊ द्या तसंच. तिनं तरी ह्याला कुठं नीट बघितलंय!"

*

हात बसल्यावर सुशीलानं मंगीला बोलावलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवलं, तोंड अंगणाकडं. बाहेर ऊन नुसतं तळपत होतं. काच बुडवायची, पुसायची, मंगीच्या डोळ्यांपुढं धरायची.

"अजून," मंगी म्हणायची. पुन्हा बुडवायची. "अजून."

मग एकदम, "लई झालं. थोडं काढ."

"आगं बया, भाजीतलं मीठ काढायला सांगती व्हय!" सुशीला म्हणाली. पण रंग उतरवायचं पाणीही मिळतं. तिनं काच त्यात घातली, पुन्हा रंगात, पुन्हा बाहेर. दुपार कलत आली तेव्हा काच काकवीच्या रंगाची झाली आणि मंगीचं "अजून" बंद पडलं.

मी जन्मभर काचेचा रंग बाहेरून बघून विकला. ही पोर आतून बघून सांगत होती! मला दुकानात परत जावंसंच वाटेना.

*

ती काच एका फ्रेमेत बसवून आम्ही मंगी आणि बिरूभाऊसकट बीडला गेलो. डॉक्टरांनी मशीनवर तपासली. उन्हातला घातक भाग काच अडवते, रंगही बरोबर आहे म्हणाले. "पण बाजूनं ऊन शिरतंय. त्याचं काय करणार?"

परतताना एसटीत बिरूभाऊ म्हणाला, "आमच्या घोड्याला झापडं लावतो तसं केलं तर?"

सुशीला खवळली. "लेकीला घोडी करता व्हय ओ!"

"कर की आबा!" मंगी ओरडली. अख्खी एसटी हसली.

बिरूभाऊनं घोंगडीचा काळा तुकडा कापून दिला, सुशीलानं तो काड्यांना बेतून शिवला. मंगीनं घातला आणि डोकं घासायला लागली. "आबा, कान खाजतंय!" शेवटी आतून मखमलीचं अस्तर लागलं. ती मखमल सुशीलाच्या न शिवलेल्या ब्लाऊजची. हे ती अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

*

उरला फ्रेमेचा रंग. सुशीलानं डबे पुढं मांडले. "बोल, गुलाबी करू का चमकीचा?"

"आमच्या मेंढरांच्या पाठीवर हाय तसा. निळा ठिपका."

दुसऱ्याच्या कळपात मेंढरू मिसळलं तर ओळखू यावं म्हणून प्रत्येक मेंढपाळाची अशी खूण असते. सुशीला म्हणाली, "गॉगलला ठिपका कावून गं?"

"हरवला तर लोक आमच्याच पालावर आनून देतील!"

मोठमोठ्या कंपन्या काडीवर सोनेरी अक्षरात आपलं नाव घालतात. गॉगल घालणाऱ्याची खूण मी पहिल्यांदाच बघितली!

*

गॉगल द्यायला आम्ही दोघं दुकान बंद करून भर दुपारी माळावर गेलो. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. मंगी पालात. बिरूभाऊनं तिथंच तिच्या डोळ्यांवर गॉगल चढवला, झापडं नीट केली आणि बाजूला झाला.

ती बाहेर आली. दोन पावलं टाकून थांबली. डोळे मिटलेले. मग तिनं डोळे उघडले, आणि उघडेच ठेवले.

खडकावरून एक सावली सरकत आली, तिच्या पायावरून पुढं गेली.

"ही रोज जाती इथून," मंगी म्हणाली. "पालाच्या फटीतून दिसती मला."

आणि तिनं मान वर केली. आभाळात बघत हळूहळू जागच्या जागी फिरली. सुशीलानं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"आबा, घारी दोन हायेत की! खाली सावली एकीचीच पडती. दुसरी लई वर हाय, तिची पडतच न्हाई!"

बिरूभाऊनं कपाळावर हात आडवा धरला. कोकरांवर टपून असलेली ती वरची घार त्याला बऱ्याच वेळानं सापडली. मग खाली बसला, तिच्या तोंडाला तोंड भिडेल इतका जवळ, आणि म्हणाला,

"मंगे, उद्यापासून कोकरं तू राखायची."